धाकटीची भीती

मला भुताची पुस्तकं आणि भुताचे सिनेमे आवडतात हे कळलं की लोक माझ्याकडे जरा आदराने बघतात. बाई धीट दिसते, असं त्यांना वाटतं. मी त्यांचा गैरसमज दूर करायला जात नाही. या वयात फुकट मिळणारा आदर कोण नाकारतो? पण खरं सांगायचं तर या आवडीच्या मुळाशी धीटपणा बिटपणा काही नाही, निव्वळ हेवा आहे. माझ्या धाकट्या बहिणीला भीती वाटायची आणि मला वाटायची नाही. भीती वाटली की तिला जे जे मिळायचं ते मला हवं होतं. म्हणून मी भीतीच्या मागे लागले. ती काही सापडेना, म्हणून मागे लागतच राहिले.

आम्ही बंगलोरला अलसूर भागात राहायचो. वडील मूळचे मिरजेचे. विमानाच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून लग्नानंतर इकडे आले आणि इकडचेच झाले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. घर भाड्याचं, कौलारू, पुढे लाल गिलाव्याचा ओटा आणि मागे पेरूचं झाड. भिंतीला भिंत लागून अक्का राहायच्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगलोरात मुरलेलं. त्या घरी मराठी बोलायच्या, पण त्या मराठीत निम्मं कानडी असायचं, आणि आईला सुरुवातीला ते ऐकून हसू यायचं. पुढे आईच 'स्वल्प थांब' म्हणायला लागली.

अण्णांना भुताच्या गोष्टींचं वेड होतं. कारखान्यात दिवसभर मोजमापं घेणारा माणूस, एका केसाचा फरक चालायचा नाही, आणि घरी आला की भूत. रविवारी दुपारी जेवणं झाली की ते ओट्यावर चटई टाकायचे आणि आम्हा दोघींना घेऊन बसायचे. मी त्यांच्या समोर, धाकटी त्यांच्या डाव्या बाजूला. तिची जागा अशीच ठरलेली होती. गोष्ट सुरू व्हायच्या आधीच ती अण्णांच्या धोतराचा सोगा मुठीत धरून ठेवायची.

त्यांची एक गोष्ट होसकोट्याच्या रस्त्यावरच्या जटक्याची होती. जटकेवाला संध्याकाळी एका नवराबायकोला गावात सोडतो आणि रिकामी गाडी घेऊन परत निघतो. पण घोडा चालेना. जटकेवाला चाबूक उडवतो, शिव्या देतो, घोडा फेसाळलेला. शेवटी तो खाली उतरून बघतो, तर गाडीच्या स्प्रिंगा भरल्या गाडीसारख्या दबलेल्या. उतरली माणसं दोन, पण गाडी हलकी झाली नव्हती. एवढं सांगून अण्णा थांबायचे आणि सुपारी कातरायला घ्यायचे.

मला ती गोष्ट इतकी आवडली की अजून आवडते. मी लगेच विचारलं, "मग आत कोण होतं? किती वजनाचं होतं?" अण्णा खूष झाले. पण माझं विचारणं होईपर्यंत धाकटी त्यांच्या मांडीवर चढली होती. तिने तोंड त्यांच्या सदऱ्यात खुपसलं होतं आणि अण्णांचा हात तिच्या पाठीवरून फिरत होता. उत्तर मला दिलं, पण बघत होते तिच्याकडे. माझा तीळपापड झाला. गोष्ट कळली मला, प्रश्न विचारला मी, आणि मांडी तिला.

मी काही तशी दुर्लक्षित पोर नव्हते, हे सांगायला हवं. अण्णा मला वाघीण म्हणायचे. घरी कोणी आलं की मला अंधाऱ्या कोठीच्या खोलीत पाठवून गुळाची ढेप आणायला लावायचे आणि पाहुण्याला म्हणायचे, "बघा, दिवा मागत नाही." पाहुणे कौतुक करायचे. पण वाघिणीला कोणी मांडीवर घेत नाही. पाहुण्यांसमोर गुळाची ढेप ठेवताना मला आत कोपऱ्यात बसलेली धाकटी दिसायची. तिला कोणी कोठीत पाठवत नव्हतं, आणि तरी सगळ्यात मोठा खडा तिलाच मिळायचा.

मग एकदा मी ठरवलं की आपणही भ्यायचं. तिन्हीसांजेला आईने मला मागच्या दोरीवरचे कपडे आणायला सांगितलं. मी पेरूच्या झाडाखाली थोडा वेळ उभी राहिले, श्वास भरून घेतला आणि किंचाळत घरात आले. अण्णा नुकतेच कामावरून येऊन कॉफी पीत होते. झाडावर कोणीतरी बसलंय, असं मी सांगितलं आणि त्यांच्या मांडीकडे धावले. पण अण्णा तोवर उठून उभेच राहिले होते. त्यांचे डोळे चमकत होते. त्यांनी बॅटरी घेतली आणि माझा हात धरून मला परत झाडाकडेच घेऊन गेले.

"कुठल्या फांदीवर? पाय लोंबत होते का? बोटं पुढे होती की मागे?"

मी काय सांगणार? सांगत गेले. पांढरं नव्हतं, राखाडी होतं. केस नव्हते. तोंड झाडाच्या बुंध्याकडे होतं, त्यामुळे दिसलं नाही. अण्णा प्रत्येक उत्तरावर मान हलवत होते. शेवटी माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "एवढं सगळं नीट बघून आलीस! दुसरं कोणी असतं तर डोळे मिटून पळालं असतं." माझी फजिती मला कळली. मी भ्याले आहे यावर त्यांचा विश्वासच बसला नव्हता. भूत मात्र त्यांनी खरं मानलं असावं.

आम्ही आत आलो तेव्हा धाकटी दारामागे उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. त्या राखाडी, केस नसलेल्या, बुंध्याकडे तोंड केलेल्या प्राण्याने तिची गाळण उडवली. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. आईने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, अंगारा लावला, तरी ताप उतरेना. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' असं आई पुटपुटत होती. मला वाटलं, ब्रह्मराक्षससुद्धा हिच्याच पाठी. भूत मी तयार केलं, फांदी मी दाखवली, आणि अण्णा कारखान्यातून अर्धी सुट्टी घेऊन हिच्या उशाशी.

अक्का बघायला आल्या. धाकटीच्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "ताई, पोर भ्यालीया. मशिदीकडं नेऊन मंत्र घालून आणूया. सरी होतंय बघा."

आई जरा बिचकली. मिरजेच्या तिच्या सासूबाईंना कळलं असतं तर काय म्हणाल्या असत्या कोण जाणे. पण बंगलोरात हे सगळेच करायचे. पोर दचकून उठायला लागलं, अंग टाकायला लागलं की आया त्याला संध्याकाळी मशिदीच्या दाराशी घेऊन जात. नमाज संपला की बाहेर पडणारे लोक वाटेत थांबून प्रत्येक पोरावर फुंकर घालत. अक्कांनी आईला एवढंच सांगितलं की आपल्या सासूच्या वेळेपासून आपल्या घरची सगळी पोरं तिथूनच बरी झाली. आई तयार झाली. मला घरी ठेवायला कोणी नव्हतं म्हणून मीही गेले.

दाराबाहेर बायकांची रांग होती. कडेवर पोरं, हातात पाण्याचे तांबे, कपाळावर कुंकू किंवा डोक्यावर बुरखा, सगळ्या एका ओळीत. नमाज संपला आणि माणसं बाहेर आली. एक पांढऱ्या दाढीचे आजोबा आमच्यासमोर थांबले. त्यांनी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला, ओठ हलवले आणि तिच्या चेहऱ्यावर हलकी फुंकर घातली. तिच्या कपाळावरच्या बटा उडाल्या. तिने डोळे मिटले होते आणि चेहरा असा शांत झाला होता की मला ते सहन होईना. मी आईच्या पुढे जाऊन माझीही मान खाली केली.

आईने मला दंडाला धरून मागे ओढलं. "तुला कशाला? तुला काय झालंय?"

आजोबा हसले आणि पुढच्या पोराकडे वळले. फुंकर माझ्या अंगावरून गेलीच नाही. परतताना जटक्यात धाकटी आईच्या कुशीत झोपली. तिच्या दंडाला मशिदीच्या दाराशीच बांधून घेतलेला काळा दोरा होता. ताप खरंच उतरला. दोरा पुढे बरेच दिवस तिच्या दंडावर होता, आणि आंघोळ करताना तो ओला होऊ नये म्हणून आई तिचा हात वर धरायची. मला वाटायचं, आपल्याला एकदा तरी इतकी भीती वाटावी की दोराच बांधावा लागेल.

तेव्हापासून मी मन लावून भीती शोधायला लागले. मराठी मंडळींनी चालवलेलं एक वाचनालय होतं. शनिवारी संध्याकाळी उघडायचं. अण्णांच्या नावावर मी रहस्यकथांची, भूतकथांची पुस्तकं आणायचे. पुण्याहून पुस्तकं यायला वेळ लागायचा आणि आली की आधी कारखान्यातल्या साहेबांच्या घरी जायची, मग आमच्याकडे, तोवर त्यांना कोणाच्या तरी चिवड्याचा वास लागलेला असायचा. वाचनालय सांभाळणारे गृहस्थ चष्म्यावरून बघत विचारायचे, "हे वडिलांसाठीच ना?" मी हो म्हणायचे आणि चालता चालताच वाचायला लागायचे. स्मशानं, पडके महाल, विहिरीतून येणारे हात, सगळं वाचलं. मजा आली. फार मजा आली. पण अंगावर काटा म्हणतात तो काही येईना. मी बाही वर करून हाताकडे बघायचे. केस जागच्या जागी.

अण्णा तीच पुस्तकं कारखान्याच्या बसमध्ये वाचायचे. आमच्या दोघांची एक गुप्त युती झाली होती. "पुढचं सांगू नकोस," ते म्हणायचे, "मी अजून विहिरीपाशी आहे." हे ऐकलं की माझा दिवस चांगला जायचा. धाकटीला भीतीपायी यातलं काही वाचवत नव्हतं. पुस्तकाचं मुखपृष्ठसुद्धा ती पालथं करून ठेवायची. इथे तरी मी एकटी आहे, असं मला वाटत होतं.

पण अण्णा तीच गोष्ट झोपायच्या आधी धाकटीला सांगायचे. तिला ती ऐकायची असायची आणि भीतीही वाटायची. मग अण्णा तिच्यासाठी शेवट बदलायचे. विहिरीतून येणारा हात हा खरं तर कळशी पडलेल्या बाईचा निघायचा आणि कळशी मिळाल्यावर ती हळदीकुंकवाचं आमंत्रण देऊन जायची. महालातलं भूत फिल्टर कॉफी पिऊन म्हैसूरच्या गाडीत बसायचं. माझ्या अंथरुणातून मला सगळं ऐकू यायचं. तयार कपडा आणि मापाने शिवलेला कपडा यांत जो फरक तोच आमच्या दोघींच्या गोष्टींत होता. मला छापील शेवट, तिला खास तिच्यासाठी बेतलेला. मी एकदा म्हटलं, "मलाही वेगळा शेवट सांगा." अण्णा मनापासून म्हणाले, "तुला कशाला लागतो? तुला खरा शेवट झेपतो." त्यांना वाटलं त्यांनी मला बक्षीस दिलं.

पुढे सिनेमे आले. त्या काळात हिंदीत धुक्याचे सिनेमे बरेच निघायचे. ओसाड हवेली, आपोआप हलणारा झोका, हातात मेणबत्ती घेऊन गाणं म्हणत फिरणारी बाई. शेवटी ते भूत नसायचंच. इस्टेटीसाठी कोणा दिवाणाने नाहीतर काकाने केलेला बनाव निघायचा. मला त्याचा भयंकर राग यायचा. तीन तास धुकं दाखवायचं आणि शेवटी दिवाणजी! अण्णा मात्र म्हणायचे, "अगं, भूत खोटं निघालं तरी धुकं तर खरं होतं ना?" अण्णांचं हे असं असायचं. त्यांना एवढ्यातेवढ्यानेही आनंद व्हायचा.

सिनेमाला आम्ही तिघंच जायचो. आईला तो प्रकारच आवडत नव्हता. खरं तर आम्ही दोघंच जायला हवं होतं, पण धाकटी रडून मागे लागायची. मी तिला विचारायचे, "तुला बघायचं नसतं तर येतेस कशाला?" ती म्हणायची, "अण्णा जातात म्हणून." पुढे गांधी क्लासात, म्हणजे सगळ्यात स्वस्त जागांवर, शिट्ट्या वाजायच्या, मागे खुर्च्यांवर आम्ही. अण्णा मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. झोका हलायला लागला की धाकटी दोन्ही हातांनी डोळे झाकायची. आणि मग अण्णा तिच्या कानाशी वाकून तिला सिनेमा सांगायचे.

"आता ती जिना चढतेय. हातात दिवा आहे. काही होत नाही. दार आपोआप उघडलं. वाऱ्याने उघडलं असेल. आता तो आलाय. आता उघड डोळे, गाणं आहे."

मी पडद्याकडे बघत असायचे पण कान तिकडे. अण्णांचं सांगणं त्या सिनेमापेक्षा कितीतरी सरस होतं. ते सगळं माझ्या बाजूला पाठ करून चाललेलं. एकदा माझ्याच्याने राहवेना. दार करकरलं तसे मीही डोळे झाकून घेतले आणि अण्णांना कोपराने ढोसलं. अण्णा माझ्याकडे वळले. "काय गं, डोळ्यात काही गेलं का?" त्यांनी खिशातून रुमाल काढून माझ्या हातात दिला आणि परत तिकडे वळले. मी रुमाल डोळ्यांना लावून बसले. खलनायक कोण होता ते मला अजून माहीत नाही.

मी अठरा वर्षांची झाले तेव्हा अण्णा मला एका इंग्रजी भयपटाला घेऊन गेले. कँटोन्मेंटातलं टॉकीज. बाहेर 'फक्त प्रौढांसाठी' अशी पाटी. धाकटीला येता येत नव्हतं, कायद्यानेच येता येत नव्हतं. त्या कायद्याची मी आजन्म ऋणी आहे. दारावरच्या माणसाने माझ्याकडे बघून भुवई उंचावली तेव्हा अण्णा त्याला इंग्रजीत म्हणाले की ही माझी थोरली मुलगी आहे आणि प्रौढ आहे. मी नवी साडी नेसले होते. किल्ला होता, शवपेटी होती, पेटीचं झाकण हळूहळू वर येत होतं. अण्णांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. त्या हाताशेजारी माझा हात होता. मध्यंतरात आम्ही मसालावडा खाल्ला आणि पेटीत नेमकं कोण असावं यावर वाद घातला. माझ्या आयुष्यातल्या अगदी सुखाच्या दुपारींपैकी ती एक.

सिनेमा सुटल्यावर आम्ही परेड मैदानाच्या कडेने बसस्टॉपकडे चालायला लागलो. अण्णा खाली बघत चालत होते. सिनेमाचाच विचार करत असावेत, असं मला वाटलं. करतच होते. थोड्या वेळाने म्हणाले, "धाकटीला हे कसं सांगायचं? पेटीचं झाकण गाळावं लागेल. डॉक्टरचं सांगता येईल."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "तिला नका सांगू. हा आपला सिनेमा आहे." अण्णा थबकले. मग हसून म्हणाले, "अगं, बिचारी वाट बघत असेल." आणि घरी पोचल्यावर चपला काढायच्या आत त्यांनी सांगायला सुरुवात केली. मी आत जाऊन साडी बदलली. शवपेटीतून डॉक्टरसाहेब उठून सर्वांना इडली वाढत होते, एवढं मला आतून ऐकू आलं. धाकटी खिदळत होती. मला तिचा राग आला, अण्णांचा आला, आणि इडलीचासुद्धा आला.

त्यानंतर काही वर्षांनी अण्णा गेले. मी तेव्हा एका संशोधन संस्थेच्या ऑफिसात टायपिंग करायचे, धाकटी कॉलेजात होती. रात्रपाळीला गेलेल्या अण्णांच्या छातीत कळ आली आणि हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं. सकाळी कारखान्याच्या गाडीतून त्यांना घरी आणलं. पुढच्या खोलीत, दक्षिणेकडे डोकं करून, जमिनीवर ठेवलं. उशाशी कणकेचा दिवा लावला. काका दावणगेऱ्याला होते. त्यांना फोनवर कळवलं होतं, पण ते दुपारपर्यंत पोचणार नव्हते. तोवर थांबायचं ठरलं. पुरुष माणसं पुढच्या तयारीला बाहेर गेली. बायका आईला घेऊन आतल्या खोलीत बसल्या.

अण्णांजवळ कोणीतरी बसायला हवं होतं. मृताला एकटं ठेवत नाहीत. मल्लेश्वरमहून मावशी आली होती, तिने सगळं हातात घेतलं होतं. ती म्हणाली, "थोरले, तू बस. तू धीट आहेस. त्यांच्याबरोबर एवढी भुतंखेतं बघितलीस." कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. मी जाऊन बसले.

बाहेर लख्ख ऊन होतं. आतून धाकटीचे हुंदके ऐकू येत होते. तिचं डोकं आईच्या मांडीवर होतं आणि अक्का तिच्या केसांवरून हात फिरवत होत्या. हे मला दारातून दिसत होतं. मला हेवा वाटला. हो, तेव्हासुद्धा वाटला. बाप समोर पडलेला आणि मी बहिणीच्या केसांकडे बघतेय.

मग मी अण्णांकडे बघितलं. नाकात कापूस होता. चादर गळ्यापर्यंत ओढलेली. इतक्या पुस्तकांत मी वाचलं होतं की अशा वेळी चादर हलते. मी चादरीकडे बघत राहिले. ती हलत नव्हती. मी आणखी बारकाईने बघितलं. अजिबात हलत नव्हती. माझे पाय गार पडायला लागले. आधी बोटं, मग घोटे. हातावर काटा उभा राहिला होता आणि तो बसत नव्हता. तोंड कोरडं पडलं. हे काय होतंय ते मला आधी कळेना, कारण ओळखच नव्हती. मग कळलं.

मी भिंतीला धरून उठले आणि आतल्या दारापाशी गेले. म्हटलं, "मावशी, मला भीती वाटतेय."

मावशीने मान वर केली. तिचे डोळे रडून सुजले होते. ती म्हणाली, "आज तरी थट्टा नको गं बाई."

बायकांनी खाली बघितलं. आईने डोकं वर केलं नाही. अक्कांनी हाताने मला 'जा, बस' अशी खूण केली. मी परत वळले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. बसले तेव्हा माझे दात वाजत होते, दुपारच्या उन्हात.

तेवढ्यात मागे पावलं वाजली. धाकटी आली होती. तिने आत माझ्या तोंडाकडे बघितलं असणार. तिच्याएवढं भीतीचं तोंड ओळखणारं त्या घरात दुसरं कोणी नव्हतं. ती अण्णांकडे न बघता माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने माझं मनगट धरलं. ती स्वतः लटपटत होती. तिचा हात घामाने भिजला होता. आम्ही दोघी एकमेकींना टेकून बसलो. काका येईपर्यंत ती उठली नाही. आईने हाक मारली तरी उठली नाही.

काका आले, बायका बाहेर आल्या, आणि त्यांना धाकटी अण्णांजवळ बसलेली दिसली. मी दिसले असेन, पण माझं बसणं गृहीतच होतं. मावशीने डोळ्यांना पदर लावला. "बघा, एवढी भित्री पोर," ती म्हणाली, "आईची मांडी सोडून बापाजवळ येऊन बसली." तेराव्यापर्यंत तो किस्सा सगळ्या नातेवाइकांत झाला. पुढे धाकटीच्या लग्नात तिच्या सासरच्यांना सांगितला गेला. माझ्या धीटपणाचं कौतुक कायमचं मागे पडलं. आता धीटसुद्धा तीच.

वर्षभर मी भुताचं पुस्तक हातात धरलं नाही. मग धरलं, ते आजतागायत सोडलेलं नाही. आता मधूनमधून हातावर काटा येतो.

मावशी होती तोवर घरी कोणी जमलं की मीच तिला म्हणायचे, मावशी, तो अण्णांच्या वेळचा किस्सा सांग ना. धाकटी समोर असली तरच म्हणायचे. मावशी हुरूपाने सांगायची, ऐकणारे धाकटीकडे कौतुकाने बघायचे. आणि धाकटी दर वेळी, अगदी दर वेळी, मान हलवून म्हणायची, "नाही हो, मी अण्णांजवळ नव्हते बसले. मी ताईजवळ बसले होते." तिचं कोणी ऐकायचं नाही. त्यांना तो विनय वाटायचा. मी ऐकायचे.